आमची वाटचाल : हॅनोव्हर स्ट्रीट ते रायलँड्स

खेडहून आईबरोबर केपटाऊनला आलो तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अब्बांचा फोटो स्टुडिओ शहरातल्या डिस्ट्रिक्ट सिक्स वस्तीत, हॅनोव्हर स्ट्रीटवर. लाकडी बेलोज कॅमेरा, पितळी लेन्स, मागे जिना आणि कुंड्या रंगवलेला पडदा. लग्नं मोजकीच, पोट चालायचं पासबुकाच्या, म्हणजे काळ्या माणसांना सक्तीने बाळगावं लागणाऱ्या ओळखपत्राच्या फोटोंवर. काळ्या माणसाच्या खिशात हा पास सापडला नाही की तुरुंग. मग तीच माणसं गावी पाठवायला दुसरा फोटो काढत, तेव्हा अब्बा आपला टाय आणि हॅट त्यांना घालायला देत. गोदीतला एक हमाल दरवर्षी नाताळाआधी यायचा. दूर पूर्वेकडच्या ट्रान्सकाय भागातल्या बायकोला फोटो हवा असायचा. एकही वर्ष चुकलं नाही.

11 फेब्रुवारी 1966 ला वर्णभेदी सरकारने आमचा भाग फक्त गोऱ्यांचा ठरवला. शेजारच्या फोटोवाल्याने आधीच दुसरीकडे जागा धरली, आणि ‘यांचं दुकान पाडणार’ असं सांगत आमची गिऱ्हाइकं नेली. अब्बांनी त्याला हायपो, फोटो पक्का करायचं रसायन, उधार दिला होता. ते मी विसरलेलो नाही. तीन महिने भाडं थकलं, निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचा एन्लार्जर विकायला काढला. त्या हमालाने मात्र आमचा नवा पत्ता शोधला आणि शहरातल्याच रायलँड्स भागात दोन बस बदलून आला.

1972 मध्ये त्यानेच सांगितलं, स्पेस थिएटरात तुमच्या धंद्याचं नाटक लागलंय. ‘सिझ्वे बान्झी इज डेड’. नाटककार अ‍ॅथॉल फ्यूगार्डने जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना या नटांबरोबर तालमींतून ते घडवलं, आणि बसवलंही त्यानेच. कुठल्याशा स्टुडिओतला एक फोटो फ्यूगार्डच्या डोळ्यांत भरला होता: एका हातात सिगारेट, दुसऱ्या हातात पाईप धरलेला हसरा माणूस. पडदा, कॅमेरा, दुकानातल्या झुरळांशी चाललेली मालकाची लढाई, सगळं आमचंच! आणि नाटकातला सिझ्वे जगण्यासाठी मेलेल्या माणसाचा पास घेतो, तिथे त्याच्यावरचा फोटो बदलावा लागतो. असे फोटो आम्ही किती काढले असतील! मी खुर्चीत थिजून बसलो.

फ्यूगार्ड मूळचा कारू या कोरड्या पठारी भागातल्या मिडलबर्गचा, जन्म 1932. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्गमधल्या कोर्टात कारकून असताना पासच्या गुन्ह्यात माणसं कशी भराभर आत जातात हे त्याने पाहिलं होतं. 1967 मध्ये सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो 1971 पर्यंत. गोरा असून तो गप्प बसला नाही. कानी आणि न्त्शोना यांना हे नाटक आणि ‘द आयलंड’ यांसाठी 1975 चा टोनी हा अमेरिकेतला नाट्यपुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच वर्षी ट्रान्सकायमध्ये प्रयोगावरून अटक झाली.

नव्या स्टुडिओवाल्यांनो, निगेटिव्ह फेकू नका. प्रिंट वाहत्या पाण्यात पुरेशी धुवा, हायपो राहिला तर पिवळी पडते.

2010 मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये फ्यूगार्डच्या नावाचं थिएटर उघडलं, 2021 ला बंद झालं. 8 मार्च 2025 ला तो गेला. त्या आठवड्यात मी हमालाच्या निगेटिव्हचा डबा काढला. हमालाचा नातू येऊन गेला होता, त्याला आजोबांचा हॅटमधला फोटो हवा होता. अब्बांच्या एन्लार्जरवरच काढून दिला.