आजीच्या दिंडीत

लहानपणी आजी-आजोबांनी केलेले लाड जन्मभर पुरतात, असे आपण धरून चालतो; पण नातवंडे विशी ओलांडतात आणि बोलणे ‘जेवलीस का’ आणि ‘औषध घेतलंस का’ एवढ्यावर येऊन ठेपते. आमचेही तसेच झाले होते. नोकरी सोडल्यामुळे मला सवड होती, म्हणून आजीच्या दिंडीत नाव घालून माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून निघाले.

पुणे ते सासवड हा वाटेवरचा सर्वांत लांबचा टप्पा, त्यात एकादशीचा उपवास. दिवेघाटात एक अभंग संपून दुसरा सुरू होण्याआधी टाळ जरा थांबले, तेव्हा आजी माझ्याकडे न पाहता सांगू लागली की, आजोबा गेल्यावर कित्येक वर्षे ती वारीला आली नाही याचे कारण गुडघे नव्हते. तिचा विठ्ठलावर राग होता. ‘तुझ्या बाबाला हे सांगितलं असतं, तर त्यानं मला डॉक्टरकडे नेलं असतं,’ असेही ती म्हणाली. त्यात बाबांचे काही चुकले नसते. मुलांना आईवडिलांची जबाबदारी वाटते, आणि जबाबदारी वाटणारा माणूस ऐकता ऐकताच उपाय शोधू लागतो; नातीवर तो भार नसतो. शिवाय ओळीत शेजारी चालताना एकमेकींच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही, हेही सोयीचे. मग नोकरी का सोडली, याचे घरात कोणालाही न सांगितलेले कारण मी तिला सांगितले. तिने सल्ला दिला नाही.

वारकरी वयाचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतात. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले, अश्व धावून गेले, लोक टापांखालची माती कपाळाला लावू लागले, आणि आजी माझ्या पायांशी वाकली. रीत ठाऊक असूनही मी संकोचाने मागे सरले, तर तिने ‘नीट उभी राहा’ म्हणून दटावले. नंतर आम्ही फुगडी घातली. वाखरीपर्यंत आमची भांडणेही झाली, बहुतेक माझ्या मोबाईलवरून आणि तिच्या अनवाणी चालण्यावरून; ती भांडणे मला लाडांपेक्षा अधिक जवळची वाटली.

पंढरपुरात तिने दिंडीप्रमुखांना पुढच्या वर्षासाठी दोन नावे लिहून घ्यायला सांगितले. मला रजा मिळेल का, हे तिने विचारले नाही. रजेसाठी आधी नोकरी लागते, हा विषय मीही काढला नाही.