लासलगाव–वाशी–वसई: गायमुखच्या चढावरचे चार फूट

"रात्री अकरानंतर घोडबंदर मोकळा असतो, चाळीस मिनिटांत फाउंटन हॉटेलला लागशील." घोडबंदर म्हणजे ठाण्याहून अहमदाबाद हायवेला जोडणारा रस्ता, आणि फाउंटन हॉटेल त्याच्या पलीकडच्या टोकाला. तळोज्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याने हे इतक्या खात्रीने सांगितलं की मी पुन्हा विचारलं नाही. माजिवड्यावरून फाउंटनला पोचायला मला पावणेचार तास लागले. शेवटचा पट्टा तर माझी गाडी क्रेनच्या मागे लटकून गेली. हा वृत्तांत त्याच पट्ट्याचा आहे.

माझी गाडी सहा चाकी, बावीस फुटी बॉडी, साडेअठरा टन पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून एवढ्या वजनाची परवानगी. सोबत भाचा क्लीनर म्हणून. वीस वर्षं स्टिअरिंगवर आहे, पण बहुतेक नाशिक–पुणे आणि नाशिक–धुळे. ठाण्यात शिरायची वेळ फार आली नव्हती. सप्टेंबरचे दिवस, पाऊस जाता जाईना. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा भरून लासलगावहून निघालो, इगतपुरीला समृद्धीवर चढलो, आमण्याला उतरलो. कसारा घाट टळला. समृद्धीवर काहीच घडलं नाही, म्हणून सांगण्यासारखंही काही नाही. अवजड गाड्यांना तिथे ताशी ८०ची मर्यादा आहे, ती पाळा.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पहाटे गाडी लागली, दुपारी रिकामी झाली. वाराईवरून, म्हणजे माल उतरवायच्या हमालीवरून, थोडी घासाघीस झाली, ती कुणाला चुकली आहे? मग परतीचं भाडं शोधलं. तळोजा एमआयडीसीतून वसईला प्लास्टिक दाण्याच्या गोण्या, नऊ टन, भाडं ९,५००. मनात म्हटलं, रिकामं जाण्यापेक्षा बरं.

आता ती 'मोकळ्या रात्री'ची गोष्ट. ठाण्यात दिवसा ठरावीक वेळ अवजड गाड्यांना बंदी असते. म्हणजे बंदी उठायच्या आधी शेकडो गाड्या शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव अशा ठिकाणी कडेला दबा धरून बसलेल्या असतात. उठली की सगळ्या एकदमच सुटतात, आणि सगळ्यांना सकाळची बंदी लागायच्या आत पलीकडे जायचं असतं. जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे निघालेले चाळीस फुटी कंटेनरही याच ओळीत. रात्री रस्ता मोकळा असतो तो कारवाल्यांना. ट्रकवाल्यासाठी ती यात्रेची वेळ. कुणी 'रात्री मोकळा' म्हणालं तर त्याला आधी विचारा, तू शेवटचा तिथून कधी गेलास आणि कशातून गेलास?

पहिला दणका मुंब्रा बायपासच्या उतारावर बसता बसता राहिला. शीळकडून वर चढून गाडी रेतीबंदरकडे उतरत होती. अंधार, भुरभुर पाऊस, वेग चाळीसच्या आत. वळण संपतं तिथे एक ट्रेलर उभा. टेललाइट मेलेली, मागे रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाने बुजलेली, आणि खबरदारी म्हणून रस्त्यावर टाकलेली एक झाडाची फांदी. माझ्या पुढे एक टँकर होता, त्याने कचकन ब्रेक मारला. मी थांबलो तेव्हा टँकर आणि माझ्यात जेमतेम एक मोटारसायकल मावली असती. भाचा म्हणाला, "मामा, आपण लांब होतो म्हणून." खरंच लांब होतो. तिथे शहाणपण दाखवलं आणि तासाभरातच सोडून दिलं, म्हणून तर हे लिहितोय.

चाळीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. दिसलं, पाय ब्रेकवर गेला, नळीतून हवा चेंबरपर्यंत पोचली, लायनर ड्रमला टेकले, यात दीड-दोन सेकंद जातात. कारच्या ब्रेकमध्ये तेल असतं, ते लगेच दाब देतं. आपल्याकडे हवा असते, ती अर्धा सेकंद खाते. म्हणजे ब्रेक 'लागायच्या' आधीच वीस-बावीस मीटर गेले, माझ्या गाडीच्या अडीच लांब्या. साठच्या वेगाला तेहतीस मीटर. त्यापुढे खरं थांबणं, आणि ओल्या रस्त्यावर ते दीडपटीच्याही वर जातं.

मीटर मोजत कोण बसतं? सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की सुरू करायचं, आपण त्याच खांबापाशी पोचलो की थांबायचं. आमचे वडील वारकरी, म्हणून माझं माप 'ज्ञानबा-तुकाराम'. एकदा नीट म्हटलं की साधारण सेकंद होतो. अमेरिकेत ट्रकवाल्यांना शिकवतात की गाडीच्या दर दहा फुटांना एक सेकंद, आणि वेग पासष्टच्या वर गेला की आणखी एक. माझी गाडी तीस फुटांच्या आत, म्हणजे तीन वेळा ज्ञानबा-तुकाराम. पन्नास-पंचावन्न फुटी ट्रेलरवाल्याने पाच-सहा वेळा म्हणावं. पावसात दुप्पट. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब ओळीने उभे आहेत, मापाला त्याहून सोयीचं काय मिळणार!

"अहो, एवढी जागा ठेवली की रिक्षा घुसते." हो, घुसते. त्या रात्री खारेगाव ते पातलीपाडा मी भाच्याला मोजायला लावलं. सतरा गाड्या माझ्यापुढे घुसल्या. प्रत्येक वेळी मी थोडा मागे सरकलो, तीन-तीन सेकंद गेले. सतरा त्रिक एक्कावन्न. सगळ्यांनी मिळून माझं एक मिनिटही खाल्लं नाही. साकेतच्या पुलावर आणि कापूरबावडीला अर्धा-पाऊण तास गेला तो रांगेमुळे, पुढे घुसलेल्या रिक्षांमुळे नाही.

आणि मग गायमुख.

कासारवडवली सोडलं की रस्ता आवळतो, खाडीच्या बाजूने जंगलात शिरतो, खड्डे सुरू होतात आणि चढ लागतो. रांग हलते, थांबते, हलते. चढावर थांबून पुन्हा उचलायचं म्हणजे क्लचची परीक्षा. माझ्यापुढे दहा चाकी, भरगच्च, ताडपत्री फुगलेली. मी चांगली अर्धी गाडी मोकळी ठेवून उभा होतो. मागून हॉर्नवर हॉर्न, डिपरवर डिपर. मागच्या ट्रेलरवाल्याला वाटत होतं मी झोपलोय. डावीकडून एक टेम्पो नाक खुपसायला लागला. दीड वाजला होता, पहाटे दोनपासूनचा जागा होतो, डोकं तापलं. गाडी पुढे नेली आणि दहा चाकीच्या मागे चार फुटांवर उभी केली. कशासाठी? टेम्पो घुसू नये म्हणून. या सगळ्या प्रवासात मी केलेला सर्वांत महाग हट्ट.

दहा चाकीने उचल घेतली, भाता फुंकल्यासारखा आवाज आला, जळक्या क्लचचा वास आला आणि गाडी उलटी आली. वेग म्हणावा असाही नव्हता. पण वीस-पंचवीस टन चार फूट मागे येतात तेव्हा वेग लागत नाही. त्याच्या मागच्या लोखंडी गार्डने माझी जाळी, बंपर आणि रेडिएटर आत घेतला. मला मागे घेता येईना, मागे ट्रेलर चिकटलेला. बाजूला काढता येईना, चार फुटांत चाक वळतच नाही. हॉर्न दाबत बसलो, तेवढंच हातात होतं.

त्याचा ड्रायव्हर उतरला आणि पहिलंच वाक्य, "पीछे से ठोक दिया!" चढावर उभ्या गाडीने वरच्या गाडीला कसं ठोकलं, हे मी मराठीत आणि हिंदीत दोनदा समजावलं. पण जमलेली माणसं फक्त बघतात की मागे कोण आहे. जो मागे तो चोर. नियमही मागच्यालाच सांगतो की एवढं अंतर ठेव, पुढचा अचानक थांबला तरी धडक होऊ नये. साक्षीदार नाही, कॅमेरा नाही. त्याने टेललाइट आणि गार्डचे आठ हजार मागितले. साडेतीन हजारांवर मिटवलं, कारण मागे अर्धं ठाणे हॉर्न वाजवत होतं. चूक त्याची आणि पैसे माझे, हे आजही पचलेलं नाही.

रेडिएटरमधून पाणी धारेने गेलं. मग क्रेन. क्रेनवाल्याने बारा हजार मागितले. अंतर? फाउंटनपर्यंत. मी म्हटलं, बारा हजारांत लासलगावला डिझेल टाकून परत येतो. तो शांतपणे म्हणाला, "मग जा." नऊ हजारांवर आला. पावती मागितली तर हसला. अशा वेळी दोन गोष्टी करा. हुक लावायच्या आधी भाव ठरवा, आणि कुठे सोडणार ते दोघांसमोर बोलून घ्या. वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलाअलीकडे सोडून 'पुढचे वेगळे' म्हणणारेही भेटतात, असं वसईच्या गॅरेजवाल्याने सांगितलं. शक्य असेल तर आधी गाडीच्या इन्शुरन्सच्या मदतीच्या नंबरवर फोन लावा. मला ते आठवलं दुसऱ्या दिवशी, चहा पिताना.

चढावर उभं राहायचं माप तेव्हापासून बदललंय. सपाटीवर पुढच्याची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली की पुरतं. आपली केबिन चपट्या तोंडाची आणि उंच, म्हणून तेवढी जागा डोळ्याला भरपूर वाटते, पण चढावर ती पुरत नाही. तिथे निदान अर्धी गाडी सोडा, म्हणजे पुढचा बंद पडला तरी चाक वळवून बाजूने निघता येतं. आणि पुढच्याकडे बघत राहा. त्याचा क्लीनर दगड किंवा ठोकळा हातात घेऊन खाली उडी मारतोय, गाडी उचलताना झटके खातेय, क्लचचा वास येतोय, यातलं एक जरी दिसलं तरी तो मागे येणार असं धरून चाला. माझ्या भाच्याने त्या क्लीनरला दगड घेऊन उतरताना पाहिलं होतं. बोलला नाही, कारण मी तेव्हा टेम्पोवाल्याला शिव्या देत होतो.

मागून चिकटणाऱ्याचं काय करायचं? त्याला धडा शिकवायला ब्रेक मारू नका, ट्रेलर तुमच्या बॉडीतून केबिनपर्यंत येईल. उलट पुढची जागा वाढवा. म्हणजे तुम्हाला हळूहळू थांबता येतं, आणि पर्यायाने त्यालाही. पायाने ब्रेक नुसता टेकवून लाइट आधीच दाखवा. उतारावर गिअर धरून ठेवा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) वापरा. पुढच्याच्या शेपटीला लागून उतरलात तर दर दहा पावलांना ब्रेक मारावा लागतो, ड्रम तापतात, टाकीतली हवा उतरते, आणि काटा खाली गेल्याचं लक्षात येतं तेव्हा उतार संपलेला नसतो. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांशी मी बोलत नाही.

वसईला माल दुपारी उतरला. रेडिएटर आणि जाळीचे ६,२०० झाले. म्हणजे भाडं ९,५०० आणि खर्च १८,७००, डिझेल वेगळं. परत येताना घोडबंदरला हात जोडले आणि चिंचोटी–कामण–अंजूरफाटा मार्गे भिवंडीला निघालो. तो रस्ता म्हणजे खड्ड्यांचं प्रदर्शन. स्प्रिंगच्या कमानीचा पाटा तुटला नाही हे नशीब. रिकाम्या गाडीने जा, भरलेल्या गाडीने दोनदा विचार करा. तरी त्या रस्त्यावर कुणी माझ्या अंगावर उलटं आलं नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहितो.

घोडबंदरनेच जायचं असेल तर बंदी उठल्या उठल्या सुटू नका. शीळफाट्याच्या अलीकडे दोन तास झोपा, पहिली लाट जाऊ द्या. पण सकाळच्या बंदीच्या आत पुलापलीकडे जाता येईल असा हिशोब ठेवा. वेळा बदलत असतात, त्या दिवशीच्या वेळा वाहतूक पोलिसांकडून किंवा नुकत्याच गेलेल्या ड्रायव्हरकडून घ्या, माल देणाऱ्याकडून नको. त्याला फक्त गाडी फाटकाबाहेर हवी असते.

भिवंडीत साडेतीन हजारांचा डॅशकॅम घेतला. दहा चाकीवाल्याला दिले तेवढेच पैसे. भाच्याने काचेवर चिकटवला आणि पडघ्यापर्यंत तो एकटाच ज्ञानबा-तुकाराम म्हणत होता.