सहा इंचांची घडी

इथे अमेरिकेत गोधडीवेड्या माणसांच्या घरात कापडासाठी वेगळी खोली असू शकते, हे एकवेळ पचतं. धक्का बसतो तो आतल्या घड्या पाहून. भिंतभर कपाट, त्यात दोन-अडीचशे कापडं, आणि एकही घडी शेजारणीच्या पुढे नाक काढत नाही. आपल्याकडे अशी शिस्त साड्यांच्या दुकानात दिसते, तीही पहिलं गिऱ्हाईक गादीवर बसेपर्यंतच.

आपली गोधडी जुन्या लुगड्यांची. कापड आधी अंगावर जगतं, मग गोधडीत जातं. इथे कापड आधी साठतं आणि गोधडी सवडीने होते. साठ्याला ‘स्टॅश’ म्हणतात. हयातीत संपणार नाही इतका तो वाढला की त्याला ‘सेबल’ असं खास नावही आहे, म्हणजे रोग ओळखीचा आहे. पण साठा आहेच म्हटल्यावर तो ठेवायची यांची रीत मात्र उचलण्यासारखी.

आधी मापं. क्विल्टिंगच्या सुती कापडाचा पन्हा 44 इंच. किनारी कापल्यावर कामाचे 42 धरावेत. लांबी वारात, नऊवारीतला तोच 36 इंची वार. पाव वार सरळ कापला तर 9 बाय 44 ची पट्टी मिळते. अर्धा वार घेऊन तो मधोमध उभा कापला तर 18 बाय 22 चा तुकडा, तो फॅट क्वार्टर. क्षेत्रफळ तेवढंच, पण मोठं फूल 9 इंचांत तुटतं आणि 18 इंचांत मावतं.

आता घडी. त्यासाठी 6 बाय 24 इंचांची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी लागते, कापायला वापरतात तीच. कापड किनारीला किनार लावून टेबलावर पसरायचं, म्हणजे रुंदी 22 इंच. तळहाताने हवा काढायची. पट्टी कापलेल्या कडेवर आडवी ठेवायची आणि कापडासकट उलटवत न्यायची. एका वाराला साधारण सहा उलट्या. शेवटी उरलेले दोन-तीन इंच आत दुमडायचे, कारण कापलेली कड बाहेर राहिली की येता-जाता दशा निघतात. पट्टी 24 इंचांचीच का, ते आता कळतं. कापड 22 इंच, म्हणून दोन इंच बाहेर राहतात, तिथे धरून पट्टी सरकवून काढायची. फार घट्ट गुंडाळलं असेल तर पट्टी आतले पदरही ओढून आणते आणि सगळं पहिल्यापासून. उरली 22 बाय 6 ची लांब घडी. ती एकदा मधोमध मोडली की 11 बाय 6, आणि मोडलेली गोल बाजू कपाटात पुढे.

गंमत अशी की फॅट क्वार्टरच्या 18 इंचांच्या तीन घड्या घातल्या की तेही 6 होतात, आणि 22 मोडले की 11. चेहरा तोच, फक्त जाडी पाव. फॅट क्वार्टरचे सहा थर, एका वाराचे चोवीस. घड्यांच्या पाठी पाहून कुठलं कापड किती उरलंय ते कळतं. तरी उरलेली लांबी चिठ्ठीवर लिहून घडीत खोचलेली बरी, कारण जाड कापड फसवतं.

बाजारात साडेसहा इंची पट्टीही मिळते आणि गोची तिथेच होते. कपाटाचे चौकोनी खण आतून बहुधा 13 इंची. सहाच्या पट्टीवरची घडी फुगून सव्वासहा होते, दोन रांगा साडेबारांत आरामात बसतात. साडेसहाच्या पट्टीवर दोन रांगांना साडेतेरा लागतात. मग घड्या कोंबल्या जातात, पुढच्या कडा चुरगळतात आणि एक ओढली की चार खाली. तेव्हा आधी खण मोजावा, मग पट्टी घ्यावी. 11 ची घडी आणखी मोडून साडेपाचची करून मागेपुढे दोन रांगा लावू नयेत. मागची रांग विसरली जाते, आणि विसरलेलं कापड पुन्हा विकत आणलं जातं. वजनाचंही बघा: तीन वारांना साधारण एक पाउंड, म्हणजे शंभर वार पंधरा किलोंच्या घरात. पातळ फळी मधे झुकते.

कॉमिक्ससाठी मिळणाऱ्या आम्लविरहित पुठ्ठ्यांवर गुंडाळायचीही पद्धत आहे. पुठ्ठा पावणेसात बाय साडेदहा. पण 22 चे अर्धे 11, अर्धा इंच बाहेर लोंबतो आणि मळतो. म्हणून किनारीकडचा इंच आधी आत दुमडावा. टाचणी लावू नये, गंजते. पुस्तकांसारखं देखणं दिसतं खरं, पण एका वाराखाली ही उठाठेव फुकट.

रंगवारीपेक्षा मला फिकट-मध्यम-गडद ही विभागणी मोलाची वाटते. शंका आली की फोनवर काळा-पांढरा फोटो काढायचा. पिवळं आणि आकाशी एकच दिसलं तर शेजारी शेजारी शिवून नक्षी उठणार नाही. धुतलेल्या कापडाचा कोपरा तिरका कापून ठेवतात, म्हणजे कुठलं आटून झालंय ते कळतं. सुती कापड 2 ते 5 टक्के आटतं, आणि गडद लाल-निळ्याचा रंग सुटू शकतो. धुतलेलं-न धुतलेलं एकत्र शिवलं तर पहिल्या धुण्यात सुरकुत्या पडतात.

आता आपली बाजू. उघड्या कपाटात उजेड लागणारी मोड फिकी पडते. वर्षांनी कापड उलगडलं तर मधोमध रेघ. उपाय म्हणून इथे सांगतात, पडदा लावा आणि वर्षातून एकदा घडी बदला. इथे याला ‘टिप’ म्हणतात. पैठणी असलेल्या घरात याला काही नावच नाही, घडी बदलतात इतकंच. प्लास्टिकच्या घट्ट डब्यांचा इथला सोसही मला कळत नाही. सुताच्या अंगी साडेआठ टक्के ओल असतेच. दमट दिवशी बंद केलेल्या डब्यात ती बुरशीला पुरते. साध्या लाकडाच्या फळीवर कापड थेट ठेवू नये, मधे जुनी धुतलेली चादर घालावी.

फॅट क्वार्टरपेक्षा लहान काहीही कपाटात ठेवायचं नाही. त्याचे लगेच 5 आणि अडीच इंचांचे चौकोन किंवा दीड इंचाच्या पट्ट्या कापून डब्यात. दीडच्या खाली मात्र यांचा हिशोब थांबतो: दोन्हीकडे पाव-पाव इंच शिलाईत गेला की हाती इंचही उरत नाही, म्हणून ते फेकतात किंवा कुत्र्याच्या गादीत भरतात. आपल्या गोधडीला मोजपट्टीच नसल्यामुळे तीच चिंधी वाकडी-तिकडी दोन थरांच्या मधे पसरली जाते, आणि वरून धावदोरा.