आजारपणाचा पहिला दिवस

मार्च २०२०. देवगडात बाबांनी पहिल्या तोडीचा हापूस अढीत घातला होता आणि २४ तारखेच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. चार तासांत सगळं बंद. राखणीचे नेपाळी गडी बागेतच अडकले, पेट्या न्यायला टेम्पो मिळेना. फोनवर बाबा एवढंच म्हणाले, ‘‘आंबो काय आमच्यासाठी थांबाचो नाय.’’ इकडे स्वीडनमधल्या गोथेनबर्गला मी रोजच्यासारखी लेकीला शाळेत सोडून आले होते.

स्वीडनने लहान मुलांच्या शाळा बंद केल्याच नाहीत. कॉलेजं ऑनलाइन झाली, ५० पेक्षा जास्त माणसं जमायला बंदी आली, बाकी बरंचसं लोकांच्या शहाणपणावर सोडलं. गावाहून सगळे विचारायचे, ‘‘तुमच्या सरकारला जीव मोठा की पैसा?’’

हा प्रश्न मला तेव्हाही पटला नाही. इथे आजारी पडल्यावर पहिल्या दिवसाचा पगार कापला जातो. साथ आली तसा तो पैसा सरकारने भरून द्यायला सुरुवात केली. बेकरीत काम करणारी माझी शेजारीण एरवी ताप अंगावर काढायची, ती घसा खवखवला तरी घरी राहू लागली. तिचा जीव आणि तिचा पैसा दोन्ही एकाच निर्णयाने राखले गेले.

पण वृद्धाश्रमांत फार माणसं गेली. म्हाताऱ्यांना वाचवण्यात देश कमी पडला, असं सरकारनेच नेमलेल्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट लिहिलं. ते वाचताना मला गावची आजी आठवत होती.

म्हणून आपल्याकडे बंद केलं ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडचा सिरीयस पेशंट कोल्हापूर नाहीतर गोव्याला न्यावा लागतो. मुंबईहून येणाऱ्यांना गाव घाबरला तर त्याला दोष कसा द्यायचा? पण गणपतीला चाकरमान्यांना दहा दिवसांचं विलगीकरण होतं. माझा आतेभाऊ रोजंदारीवरचा. दहा दिवसांची मजुरी कोण देणार? तो आलाच नाही. घरी थांबायला सांगायचं तर थांबण्याचे पैसेही द्यायला हवेत, एवढंच माझं म्हणणं.

रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य आलं, ते खरंच मोलाचं होतं. पण नेपाळच्या गड्यांकडे रेशनकार्ड कुठलं! त्यांना बाबांनी आमच्या कोठीतले तांदूळ दिले. आंबा पडेल भावाने गेला, तरी त्यांचा एक दिवसही कापला नाही. गेल्या मे महिन्यात मी बाबांची गड्यांच्या हजेरीची वही पाहिली: एप्रिल पूर्ण, मे पूर्ण, आणि पुढे जूनचे अकरा दिवस, बाग रिकामी झाल्यानंतरचे.