दोन नंबरची स्नेहा

नागपूर, सोमवार, रात्री साडेदहा

आज नव्या मुलामुलींचे जॉइनिंग होते. अकरा जण आले आणि त्यांचे मेल आयडी तयार करून देण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. आमच्याकडे पद्धत सरळ आहे: आधी नाव, मग डॉट, मग आडनाव. दहा जणांचे आयडी चहा येण्याच्या आत झाले. अकरावे नाव टाकले तेव्हा लाल अक्षरांत सूचना आली की हा पत्ता आधीच अस्तित्वात आहे, आणि अशा वेळी जे करायचे ठरलेले आहे तेच मी केले. आडनावापुढे 2 लावला, पासवर्डची चिठ्ठी काढली आणि मोकळी झाले. मुलीचे पहिले नाव येथे बदलून स्नेहा असे लिहिते आहे. आडनाव वानखेडे हे खरे आहे, पण ते विदर्भात इतके आहे की त्यावरून कोणी कोणाला ओळखणार नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती चिठ्ठी हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि तिने अगदी सभ्यपणे विचारले, "मॅडम, एक नंबरची स्नेहा कुठे बसते?"

एक नंबरची स्नेहा 2020 साली नोकरी सोडून गेली. हे सांगितल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न आला की ती जर नाहीच, तर तिच्या जागेवर हिला का बसता येत नाही. तेवढ्यात शेजारच्या अकाउंट्समधल्या काकांनी मान वर न करताच विचारले, "काहून जी मॅडम, पहिल्याच दिवशी पोरीले दोन नंबरच्या कामाले लावलं का?" सगळे हसले, ती मुलगीही हसली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. ही मुलगी हा पत्ता उद्यापासून दिवसातून पन्नास वेळा लिहिणार, आणि फोनवर सांगताना दर वेळी शेवटी "दोन" म्हणणार.

त्यावर मी जे उत्तर दिले, त्याबद्दलच आज लिहायला बसले आहे. मी म्हणाले, "काय करणार, सिस्टिम घेत नाही."

हे वाक्य खोटे होते. यंत्रणेने फक्त तोच पत्ता दुसऱ्यांदा नाकारला होता. त्याऐवजी काय द्यायचे, याविषयी तिचे काहीही म्हणणे नव्हते. 1971 साली रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला ई-मेल पाठवला, तेव्हा माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे ठेवण्यासाठी त्यांनी ॲटचे चिन्ह निवडले, कारण ते कोणाच्याच नावात येत नाही. तेव्हापासून चिन्हाच्या डावीकडे माणूस आणि उजवीकडे त्याचे ठिकाण अशी रचना चालत आली आहे. डावीकडची बाजू 64 अक्षरांपर्यंत लांब असू शकते आणि तिच्यात काय लिहायचे हे ज्याचे ठिकाण त्याने ठरवायचे असते. म्हणजे 2 हा आकडा कोणत्याही यंत्राने लावलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत आम्ही चौघांनी तो ठरवला होता, आणि त्या चौघांत मी होते.

जुना पत्ता दुसऱ्याला न देण्यामागे मात्र खरे कारण आहे, आणि ते मी अंगावर झेलून शिकले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सोडून गेलेल्या एका गृहस्थांचा पत्ता मी त्याच नावाच्या नव्या मुलाला दिला. दोन महिन्यांनी तो मुलगा पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. त्याला आधीच्या गृहस्थांचा तपासणीचा अहवाल आला होता आणि त्यात एका मोठ्या आजाराचे नाव होते. माणूस नोकरी सोडतो, पण त्याने दवाखान्यात, बँकेत, विम्याच्या फॉर्मवर लिहून दिलेला पत्ता तिथेच राहतो, आणि त्या पत्त्यावर पासवर्ड बदलण्याच्या लिंकही येत राहतात. म्हणून एक नंबरच्या स्नेहाचे नाव कोणाला देता येणार नाही, यावर मी आजही ठाम आहे. पण ते नाव न देणे ही एक गोष्ट झाली आणि दुसरीला क्रमांक लावणे ही वेगळी गोष्ट. मी आज या दोन्हींची एकच मोळी बांधून सिस्टिमच्या डोक्यावर ठेवली.

या खात्यात इतकी वर्षे काढल्यावर पत्त्यांच्या तऱ्हा पाहून झाल्या आहेत. युनिक्स या संगणकप्रणालीच्या जुन्या यंत्रांवर लॉगिनला आठच अक्षरे मिळत, म्हणून नावाचे आद्याक्षर आणि त्याला जोडून आडनाव ही पद्धत सोयीची पडली आणि आठांची अट गेल्यावरही अनेक ठिकाणी तशीच राहिली. इंग्रजीत वानखेडे लिहायला पूर्ण आठ अक्षरे लागतात. पुढे एस लावला की शेवटचे ई कापावे लागे आणि माणूस वानखेड होई. या पद्धतीची खरी गंमत आमच्या एका आढाव आडनावाच्या सहकाऱ्याने भोगली आहे. त्याचे नाव ग अक्षराने सुरू होते. आधीच्या नोकरीत त्याच्या नावाचा जी आणि पुढे आडनाव असे जोडून जो शब्द तयार झाला, तो मराठी माणसाला मोठ्याने वाचून दाखवण्याची गरज नाही. तिथल्या परराज्यातल्या साहेबांना त्यात काहीच खटकले नाही, आणि याने तक्रार केल्यावर उत्तर मिळाले की फॉरमॅट सगळ्यांना सारखाच आहे. तीन वर्षे तो ग्राहकांना त्याच पत्त्यावरून पत्रे लिहीत होता.

माझा भाऊ सरकारी नोकरीत आहे आणि त्याच्या कार्यालयात पदाच्या नावाचा पत्ता असतो. बदली झाली की खुर्चीबरोबर पत्ताही पुढच्याच्या हवाली करायचा. तो म्हणतो की त्यात मनाला लावून घेण्यासारखे काही नाही, कारण तो पत्ता आपला आहे असे कधी वाटलेलेच नसते. मला हे पटते. कर्मचारी क्रमांकाचा पत्ता रुक्ष असला तरी तो सगळ्यांना सारखाच रुक्ष असतो. दुखते ते आपले नाव लिहून वर त्यात ढवळाढवळ केली तर.

हे मी माझ्याच अनुभवाने सांगू शकते. माझी पहिली नोकरी याच शहरातल्या एका कंपनीत होती. लग्नासाठी पंधरा दिवसांची रजा घेतली आणि जाताना सगळ्यांना पत्रिका वाटली. परत आले तर लॉगिन होईना. चौकशी केल्यावर कळले की एच.आर.ने पत्रिकेवरचे सासरचे आडनाव वाचून माझा आयडी बदलून टाकला होता. कोणी फोन केला नाही, फॉर्म भरून घेतला नाही. लग्नानंतर बाईने आडनाव बदललेच पाहिजे असा आपल्याकडे कोणताही कायदा नाही, पण लग्नपत्रिका हा पुरेसा कागद ठरला. जुना पत्ता एलियस म्हणून, म्हणजे त्याच खात्याचे दुसरे नाव म्हणून, जोडून ठेवला असता तर निदान पत्रे तरी मिळाली असती. तेही केले नव्हते, त्यामुळे पंधरा दिवसांत मला आलेली प्रत्येक मेल पाठवणाऱ्याकडे परत गेली आणि मुंबईच्या एका ग्राहकाने मी नोकरी सोडली असे समजून माझ्या साहेबांना शुभेच्छा कळवल्या. मी माहेरचे आडनाव परत मागितले तेव्हा टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या, "आता सिस्टिममध्ये तसंच गेलंय." मी गप्प बसले. ते आडनाव पुढे मीच सगळीकडे लावू लागले, आणि त्यातले किती माझ्या इच्छेने आणि किती त्या आयडीमुळे, हे मला आजवर नीट सांगता आलेले नाही.

आणखी एक प्रसंग आज उगाचच आठवत राहिला. तीनेक वर्षांपूर्वी एका मुलाने विचारले होते की त्याच्या आयडीत आडनाव न घालता फक्त पहिले नाव ठेवता येईल का. कंपनी वीस माणसांची होती तेव्हा सगळ्यांचे तसेच होते, त्यामुळे त्याची मागणी जगावेगळी नव्हती. आडनाव वाचल्याबरोबर समोरचा माणूस कोणत्या समाजाचा याचा अंदाज बांधण्याची सवय आपल्याकडे काय आहे, हे मला ठाऊक आहे. त्याने ते बोलून दाखवले नाही आणि मीही विचारले नाही. त्यालाही मी तेच वाक्य ऐकवले होते. तो "बरं मॅडम" म्हणून गेला.

साडेचारच्या सुमारास मी स्नेहाला परत बोलावले आणि म्हटले की मधले अक्षर घालून देते, वडिलांचे नाव सांग. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे, हे इतके अंगवळणी पडले आहे की मी विचार न करताच बोलून गेले. तिने क्षणभर थांबून विचारले, "आईचं अक्षर चालेल का?" कारण तिने सांगितले नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम झाला आहे. ती मुले नोकरीला लागतील तेव्हा मी निवृत्त झालेली असेन. आमच्या फॉर्ममध्ये मधल्या नावाचा एकच रकाना आहे आणि त्याखाली कोणाचे नाव ते लिहिलेले नाही. मी त्यात आर भरले. सिस्टिमने निमूट घेतले.

मग स्पेलिंगचा घोळ निघाला. तिच्या पॅन कार्डावर वानखेडेतल्या ख नंतर ई आहे आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर त्याच जागी ए. एच.आर.ने गुणपत्रिका पाहून नाव चढवले होते. मी तिलाच सावकाश सांगायला लावले आणि तिने, बहुधा बँकेच्या फोनवर सांगून सवय झालेली असावी, एका दमात सांगितले: "डब्ल्यू फॉर वर्धा, ए फॉर अमरावती, एन फॉर नागपूर, के फॉर काटोल, एच फॉर हिंगणा, ई फॉर एटापल्ली, डी फॉर धंतोली, परत ई फॉर एटापल्ली." अख्खा विदर्भ फिरवून तिने मला आडनाव लिहून दिले. काकांनी या वेळी मान वर केली आणि एटापल्ली गडचिरोलीत येते का, अशी खात्री करून घेतली.

मधले अक्षर घालूनही सगळे सुटलेले नाही, हे मला दिसते आहे. बाहेरची माणसे ते अक्षर विसरतील आणि तिच्या मेल जुन्या पत्त्यावर जातील. तिथे मी एक स्वयंचलित उत्तर लावून ठेवले आहे की संबंधित व्यक्ती आता येथे काम करत नाही. आता त्याखाली आणखी एक ओळ घालावी लागेल, कारण नाहीतर जिवंत स्नेहाला पत्र लिहिणाऱ्याला ती नोकरी सोडून गेल्याचे कळेल.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या नव्या पत्त्यावरून मला पहिली मेल आली. विषयात "टेस्ट" आणि आत "मिळाली का मॅडम?" एवढेच होते. मी "मिळाली" असे उत्तर दिले आणि मशीन बंद केले.

घरी आल्यावर कूलरमध्ये पाणी भरताना लक्षात आले की नव्या मुलांच्या व्हिजिटिंग कार्डांची यादी दुपारीच सीताबर्डीच्या छापखान्यात गेली आहे, आणि तीत 2 तसाच आहे. उद्या दुकान उघडताच फोन करायचा आहे. छापून झाली असतील तर शंभर कार्डांचे पैसे कोणी भरायचे, हा प्रश्न काका विचारणारच.