नोंद ६ : म्हैसमाळ, पण पायी

गेल्या खेपेला अंतूर किल्ला उतरताना उजव्या गुडघ्यानं रडवलं होतं. म्हणून यावेळी घड्याळ खिशातच ठेवलं. या सरावाचं लक्ष्य तेच, फेब्रुवारीत कळसूबाई, म्हणजे १६४६ मीटर. वेरूळजवळचं थंड हवेचं ठिकाण म्हैसमाळ १०६७. वरपर्यंत डांबरी रस्ता जातो, त्यामुळे ‘हा काय ट्रेक झाला का?’ हे घरूनच ऐकून निघालो. सोबत दाजी.

वेरूळच्या अंगानं गुराख्यांच्या वाटेनं चढलो. चढ साधारण चारशे मीटरचा. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईला जायचं तर याच्या दुप्पट, हे डोक्यात होतंच. अर्ध्या वाटेवर शेळ्या घेऊन बसलेल्या बाबांनी विचारलं, “कामून आले हिकडून? गाडी जाती ना वर.” दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की उत्तर द्यायची गरज उरली नाही.

या दिवसांत खरा त्रास चढाचा नाही, कुसळांचा. मोज्यात घुसलेलं एक कुसळ काढून नीट बघितलं: टोकाला सुईसारखं बी, मागं लांब शेपटी. दव बसलं, वाळलं की शेपटी पीळ घेते, सोडते आणि टोक आत आत सरकतं. जमिनीत रुजायची त्याची ती रीत. माझी पोटरी त्याला जमीनच वाटली असणार. पुढच्या वेळी लोकरी मोजे नकोत, वर गेटर (बुटावरून पोटरीपर्यंतचं कापडी आवरण) हवेत. पाणी माणशी तीन लिटर घेतलं होतं, एक-एक उरलं. सावली जवळपास नाहीच, तरी थंडीत इतकं लागत नाही असं दिसतंय.

वर उघडा माळ आणि वारा. गिरिजामातेचं दर्शन घेतलं. गिरिजा नदी इथंच उगम पावते आणि पुढं पूर्णेला मिळते. धुळकट हवेमुळं देवगिरी काही ओळखू आला नाही.

जेवायला धपाटे, घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी. धपाटे सुती फडक्यात बांधले होते, डब्यात घाम धरून चिवट होतात म्हणून. चहानं मात्र परीक्षा घेतली. गवत वाळलेलं, त्यामुळे उघड्या कातळावरच गॅसची छोटी शेगडी मांडली, तर ज्योत भांड्याला लागेचना, वारा आडवी पळवायचा. वीस मिनिटांनी पाणी कोमटच. दोष उंचीचा म्हणावा तर हजार मीटरवर पाणी शहाण्णव-सत्त्याण्णव अंशाला उकळतंच. शेवटी एका दगडाच्या आडोशाला गेलो, वाऱ्याच्या बाजूनं दगड रचले, पण सिलिंडरची बाजू मोकळी सोडली. चारी बाजूंनी घेरलं तर सिलिंडर तापतो, हे नव्यानं शेगडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मग सात मिनिटांत उकळी आली. तोवर दाजी शेजारच्या टपरीवर जाऊन कटिंग पिऊन आले होते.

उतरताना दोन्ही काठ्या वापरल्या, पावलं आखूड टाकली. गुडघा बोलला, पण ओरडला नाही. चढायला पावणेदोन तास, उतरायला त्याहून जास्त.

पुढची चढाई हीच वाट, पाठीवर आठ किलो. दाजी म्हणतात, मी गाडीनं येतो आणि धपाटे घेऊन वर थांबतो.