स्कॅन नको म्हटल्यावर

बुधवार, रात्री

आज तपासणीला जाऊन आले. कर्करोगामुळे डावा स्तन काढला त्याला गेल्या महिन्यात ३ वर्षे झाली. डॉक्टरांनी काखेत, मानेला आणि व्रणावर बोटे फिरवून पाहिली, हाडे दुखतात का, दम लागतो का, खोकला आहे का, हे विचारले आणि उजव्या बाजूची वर्षाची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, लिहून दिली. उठता उठता मी विचारलेच, "पेट स्कॅन नको का करायला?" म्हणजे अंगात कुठे कर्करोग पसरला आहे का, ते शोधणारा स्कॅन. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. म्हणाल्या, "काकू, तुम्हाला काही त्रास नाही. समजा स्कॅनमध्ये काही दिसलं, तर आज आपण वेगळं काय करणार आहोत?"

मला उत्तर सुचले नाही. उपचार चालू होते तेव्हा उठसूट तपासण्या होत्या. त्या थांबल्या की आपल्यावरचे लक्षच उडाले, असे मनाला वाटते. घरी येऊन जुनी टिपणे काढली. १९९४ साली इटलीतले दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, प्रत्येकात स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या बाराशेहून अधिक स्त्रिया होत्या. एका गटाचे ठरावीक मुदतीने हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्स-रे काढले, दुसऱ्या गटाची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी केली. त्यांतल्या एका अभ्यासात स्कॅनवाल्या गटात आजार उलटल्याचे आधी कळले, तरी मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही; माहीत असण्याचे दिवस तेवढे वाढले. तेव्हाची यंत्रे जुनी होती, ही शंका मलाही आहे. परंतु लक्षणे नसताना पेट स्कॅन केल्याने आयुष्य वाढते, असेही कोणी दाखवलेले नाही, आणि अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आजही तो नको असाच आहे.

सगळ्याच कर्करोगांना हा नियम लागू नाही. शेजारच्या भाऊंना मोठ्या आतड्याचा होता; त्यांचा सीटी स्कॅन दरवर्षी होतो आणि तो योग्यच आहे, कारण त्या आजारात यकृतावर एखादा डाग वेळेत सापडला तर तो कापून काढून माणूस बरा होऊ शकतो.

खरे सांगायचे तर गेल्या वर्षी मी हट्टाने, पदरचे पैसे घालून पेट स्कॅन करून घेतला होता. सहा तास उपाशी राहायचे, साखर तपासायची, शिरेतून किरणोत्सारी साखरेचे औषध घ्यायचे (कर्करोगाच्या पेशी ती जास्त ओढतात, म्हणून स्कॅनमध्ये उजळतात) आणि मग तासभर मंद उजेडाच्या खोलीत पांघरूण घेऊन निमूट पडून राहायचे; बोललो तर घशाचे स्नायूसुद्धा ती किरणोत्सारी साखर ओढून घेतात. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी हातात पडला. छातीच्या मध्यभागी एक गाठ उजळली होती, आणि सोमवारपर्यंत विचारायला कोणी नव्हते. (त्या केंद्राने एवढे तरी पाहायला हवे होते.) पुढे तीन आठवडे गेले, श्वासनलिकेतून सुई घालून तुकडा काढला, तेव्हा कळले की ती क्षयाची जुनी गाठ होती. दाह असेल तिथेही साखर खेचली जाते, आणि आपल्याकडे क्षयाच्या अशा खुणा कितीकांच्या छातीत असतात. त्या तीन आठवड्यांत मी कपाटातल्या साड्या कोणाला द्यायच्या, हेही ठरवून टाकले होते.

हाडांच्या घनतेची तपासणी मात्र डॉक्टरांनी आपणहून सांगितली, कारण स्तनाच्या कर्करोगासाठी मी घेते त्या लेट्रोझोलच्या गोळीने हाडे विरळ होतात. म्हणजे यंत्राशी त्यांचे वैर नाही.

चार दिवसांपासून कंबर भरून येते आहे. माळ्यावरची ट्रंक ओढली होती, तेव्हापासून. तारीख वहीत लिहून ठेवली आहे. दुखणे दोन आठवड्यांनी तसेच राहिले किंवा रात्री झोपेतून उठवू लागले, तर फोन करायचा असे ठरले आहे, आणि तेव्हा स्कॅन लागला तर तो होईलच. मॅमोग्राफी शुक्रवारी आहे. तुलनेसाठी मागच्या दोन वर्षांच्या फिल्म हव्यात. त्या बहुतेक त्याच ट्रंकेत आहेत, हे आत्ता आठवले.